रोज वेगळ्या खिडकीत दिवा

माझा दादा अस्वस्थ होता म्हणे. हे मी म्हणत नाही, मोठमोठी शिकलेली माणसं म्हणतात. वर्गात फळ्यावर लिहितात, परीक्षेत दहा मार्कांना विचारतात: 'महानगर हे नायकाच्या अस्वस्थ मनाचा आरसा आहे, चर्चा करा.' करा बाबांनो, खुशाल करा चर्चा. तुमचं काय जातंय? ज्याचं जळतं त्याला कळतं.

दादा काय काम करायचा ते आधी सांगते, म्हणजे तुमचा घोळ व्हायला नको. शहरात जुनी इमारत पाडायची ठरली की आधी राहणाऱ्यांना बाहेर काढतात. मग कागद, परवानग्या, कोर्टकचेऱ्या. त्यात कधी दोन-चार महिने जातात, कधी वर्ष निघून जातं. तोवर रिकाम्या इमारतीत कुणी घुसू नये, दारं-खिडक्या, नळ, जिन्याचे कठडे कुणी उचलून नेऊ नयेत म्हणून पाडकामाचा ठेकेदार तिथे एक कुटुंब आणून ठेवतो. राखणीला. भाडं द्यायचं नाही आणि हक्क सांगायचा नाही. पाडायचं मशीन दारात आलं की त्याच दिवशी चंबूगबाळं आवरायचं आणि ठेकेदार दाखवेल त्या दुसऱ्या इमारतीत जायचं. दादा, वहिनी आणि त्यांची पोर चिमी, असं ते कुटुंब. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, अगदी तसं.

राखणीची पण एक पद्धत असते. अख्ख्या इमारतीत तीन माणसं राहतात हे बाहेर कळलं तर चोर काय घाबरणार? म्हणून दादा रोज संध्याकाळी वेगळ्या खिडकीत दिवा लावायचा. आज तिसऱ्या मजल्यावर डावीकडे, उद्या पहिल्या मजल्यावर मागच्या बाजूला. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की आत अजून बिऱ्हाडं आहेत. पाय आपटत जिन्यावरून वर-खाली करायचा, मुद्दाम मोठ्याने खोकायचा. खालून ओरडायचा, "अहो शेजारी, पाणी आलं का?" आणि वरून वहिनी आवाज जाड काढून उत्तर द्यायची, "आलंय, पण गढूळ आहे!" मग दोघं जिन्यात बसून हसायची. मी गेले की मलाही एखाद्या मजल्यावरची खाष्ट सासू करायची. ते मला छान जमायचं, अभ्यास करावा लागायचा नाही.

आणखी एक गोष्ट. या राखणीवाल्या लोकांत एक अलिखित कायदा असतो. आपल्याला हलवलं, ऊठ म्हटलं, असं परक्यापुढे कधी म्हणायचं नाही. कुणी विचारलं की का हो सोडली जागा, तर म्हणायचं, "करमेना. कंटाळा आला." किराणावाल्याला हेच, शाळेतल्या बाईंना हेच. आज आहे उद्या नाही अशा माणसाशी कुणी धड बोलत नाही. शाळा पोरीचं नाव घालायला कुरकुर करते. पण हौशी माणूस आहे, सारखी घरं बदलतो म्हटलं की लोक हसतात आणि सोडून देतात. झाकली मूठ. दादाच्या तोंडात ते इतकं बसलं होतं की तुम्ही त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी म्हणाला असता, "मला नाही बुवा एका जागी करमत."

अशाच एका इमारतीत लेखकमहाशय आले. रिकाम्या खोलीत बसून लिहायचंय म्हणाले, इथे शांतता आहे म्हणाले. दादाने एक खुर्ची शोधून दिली. पाय डगमगत होता, त्याच्याखाली विटेचा तुकडा ठेवून दिला. रोज चहा. वहिनी मला म्हणायची, "साहेब माझ्या हातचा चहा पितात आणि भिंतीकडे बघत बसतात. चहा बिघडतोय का गं माझा?" मी म्हटलं, "चहा चांगलाय. साहेब बिघडलेत."

ते दादाला प्रश्न विचारायचे. रोज दिवा वेगळ्या खोलीत का? दादा काय सांगणार? राखणीतली युक्ती बाहेरच्याला सांगितली तर ती युक्ती कसली? म्हणाला, "एका खोलीत मन रमत नाही." जिन्यावर येरझारा का? "सवय आहे." इतकी घरं का बदलली? आता तुम्हीच सांगा तो काय म्हणाला असेल. आणि हे सगळं त्या माणसाने जसंच्या तसं उतरवून घेतलं.

त्याच इमारतीत वहिनी आजारी पडली. तिच्या छातीत धूळ बसली होती. पडक्या घरात आयुष्य काढल्यावर दुसरं काय बसणार? दम लागायचा, ओठ निळे पडायचे. दवाखान्यात ठेवली तेव्हा डॉक्टर म्हणाले, घरी नेल्यावर जिना चढायचा नाही, एक पायरीसुद्धा नाही. आणि ही बाई राहायची चौथ्या मजल्यावर, कारण खालचे मजले तोवर पत्रे ठोकून बंद केलेले. त्यात ठेकेदाराचा निरोप आला, मशीन येतंय, जागा सोडा. पुढची इमारत पाच मजली, राहायची सोय सगळ्यात वर.

दादा ठेकेदाराला पहिल्यांदा नाही म्हणाला. भाड्याची का होईना, पण जमिनीला लागून असलेली खोली बघायची म्हणून सकाळीच बाहेर पडला. जाताना वहिनीच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाला, ती हसली. मी तिथेच, दवाखान्यात होते, चिमी माझ्या मांडीवर होती. दिवसभर तो माणूस शहर पालथं घालत हिंडला. कुणी नाव-गाव-पत्ता विचारून दार लावलं. आजारी बाई नको, म्हणून कुणी लावलं. सगळीकडे खणलेलं, पूल बांधायला घेतलेले, बस निम्म्या वाटेत उतरवायची. शेवटी एका कपडे धुवायच्या दुकानामागे खोली मिळाली. उंबरासुद्धा नव्हता त्या खोलीला. घाम पुसत, किल्ली घेऊन दवाखान्यात आला तेव्हा वहिनी जाऊन बराच वेळ झाला होता.

त्याने मला किल्ली दाखवली आणि परत खिशात ठेवली. त्या खोलीत तो एक दिवसही राहिला नाही. चिमीला माझ्याकडे सोडली आणि पुन्हा ठेकेदाराच्या दारात जाऊन उभा राहिला. काही दिवसांनी लेखकमहाशय भेटायला आले. हळहळले, आणि विचारलं, "त्या वेळी तुम्ही कुठे होतात?" दादाने मान खाली घालून सांगितलं, "असाच. फिरत होतो गावभर. करमत नव्हतं." अरे मूर्खा! निदान त्या दिवशी तरी खरं बोलायचं! पण नाही. बायको मेली आणि आपल्याला तिला ठेवायला घर नव्हतं, हे तो परक्या माणसापुढे कसा उच्चारणार?

कादंबरी आली. गाजली. बक्षिसं मिळाली. नायक कसा, तर पायाला भिंगरी लागलेला. रोज वेगळ्या खोलीत दिवा लावतो, कारण कुठलीच खोली त्याला धरून ठेवू शकत नाही. नसलेल्या शेजाऱ्यांशी बोलतो. मन विटलं की घर सोडतो. शहर स्वतःला खणतं, पाडतं, पुन्हा बांधतं, पण त्याला कधी शांतता नाही, तसंच याचं मन. आणि बायको शेवटचे श्वास मोजत असताना हा शहरभर निरर्थक भटकतो. नायकाला एक बहीणही आहे बरं का. कजाग, शिवणकाम करणारी, भावाच्या चुकांवर पांघरूण घालायला सदा खोटं बोलणारी. शिवणकाम करते मी, खरंय. कजागही आहे. बाकीचं कुठून आणलं ते लेखकालाच ठाऊक.

अहो, अस्वस्थ शहर होतं! माझा दादा नव्हता. त्याला एका जागी बसवला असता तर तो मुळ्या फुटेपर्यंत बसला असता. शहराने त्याला ढकलला, उचलला, फेकला, आणि वर म्हणे हा शहराचा आरसा. चोराच्या उलट्या बोंबा दुसरं काय.

चिमी माझ्याकडे वाढली. हुशार पोर. दादा सुटीच्या दिवशी यायचा, तिच्यासाठी काहीतरी आणायचा. ती विचारायची, "बाबा, मला तुमच्याकडे कधी नेणार?" तो केस विस्कटायचा आणि म्हणायचा, "माझं काय बाळा, मी आज इथे उद्या तिथे. मला नाही करमत एका जागी." पोरीलाही तेच! मी किती वेळा भांडले त्याच्याशी. म्हणायचा, "तिला कशाला कळायला पाहिजे, बाप पडक्या घरात राहतो ते? शाळेत पोरं चिडवतील."

मग ती कॉलेजात गेली आणि तीच कादंबरी अभ्यासाला लागली. वाचून आली ती पांढरीफटक पडून. "आत्या, हे बाबा आहेत ना?" मी सगळं सांगितलं. दिव्याचं, जिन्याचं, किल्लीचं, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "यात बहिणीबद्दल पण लिहिलंय." मला एक सणसणीत वाजवावीशी वाटली. पण कुणाला वाजवणार? लेखक तोवर वर गेले होते.

तेव्हापासून तिने बापाशी बोलणं टाकलं. नोकरी लागली, लिफ्टच्या इमारतीत स्वतःचं घर घेतलं, एक खोली जास्तीची. इकडे दादाचे गुडघे गेले. ठेकेदारांनी राखणीला माणसं ठेवणं बंद करून कॅमेरे बसवले. दादा माझ्याकडे आला. माझं घर म्हणजे एक खोली आणि गॅलरी, मुलगा, सून, दोन नातवंडं, शिलाई मशीन. दादा गॅलरीत पाय पोटाशी घेऊन झोपायचा. सून तोंडावर काही बोलायची नाही, भांडी मात्र जोरात आपटायची. पण दादाचं दुखणं ते नव्हतंच. त्याला मरायच्या आधी लेकीच्या घरी राहायचं होतं. बस्स, एवढंच. एकदा म्हणाला, "तिने मला बाहेरच्या खोलीत ठेवलं तरी चालेल गं. सकाळी कामावर जाताना दिसली की झालं."

मी चिमीकडे जाऊन पदर पसरला. ती म्हणाली, "आत्या, तू म्हणशील ते करीन. पण आई मरत असताना जो माणूस फिरायला गेला, त्याला मी घरात घेऊ?"

अशात चिमीच्या जुन्या कॉलेजने कार्यक्रम ठेवला. कादंबरीचं कौतुक, आणि 'खरा नायक' लोकांच्या भेटीला. कादंबरी शिकवणारे प्राध्यापक गाडी घेऊन आमच्या दारात. कौतुकाने मला म्हणाले, "कन्येलाही बोलावलंय, पहिल्या रांगेत असतील." ते गेल्यावर मी दादाला धरलं. म्हटलं, "हे बघ, एवढीच संधी. सगळ्यांदेखत, तिच्यादेखत खरं सांगून टाक. लाज गेली चुलीत." तो म्हणाला, "सांगतो." माझ्याकडून सदरा मापात करून घेतला, बाह्या लांब होत होत्या.

हॉल भरला होता. आधी प्राध्यापकांचं भाषण. पडद्यावर शहराची चित्रं: खणलेले रस्ते, अर्धवट पूल, एका बाजूने कापलेली इमारत, तिच्या भिंतींना अजून निळा रंग. "या शहराकडे पाहा," ते म्हणाले, "आणि मग या माणसाकडे पाहा. दोघांनाही थांबता येत नाही." मुलं वाकून वाकून दादाकडे बघायला लागली. तो खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसला होता, फोटो काढायला बसवतात तसा. इतका थांबलेला माणूस अख्ख्या हॉलमध्ये दुसरा नव्हता.

मग त्यांनी माईक दादाच्या तोंडापुढे धरला. "शहरात तुम्ही नेमकं काय शोधत होतात?"

दादाने चिमीकडे बघितलं. घसा खाकरला. म्हणाला, "खोली शोधत होतो साहेब. बायकोला जिना चढायची मनाई होती. आमचं घर कधीच नव्हतं. ठेकेदार ऊठ म्हणाला की उठायचो. करमत नाही म्हणायचो ते खोटं होतं. मला कुठेही करमलं असतं. त्या दिवशी मी फिरायला गेलो नव्हतो. खोली मिळाली होती. उशीर झाला."

एवढंच बोलला. आयुष्यात एवढं तो सलग कधी बोलला नसेल. माझा जीव भांड्यात पडला.

प्राध्यापकांनी माईक मागे घेतला. चेहरा असा खुलला होता की जणू त्यांनाच बक्षीस मिळालं. "पाहिलंत?" ते मुलांना म्हणाले. "शेवटचं प्रकरण आठवा. नायक म्हातारपणी काय करतो? स्वतःच्या पळण्याला एक हळवं कारण शोधतो. अपराधी मन असंच कथा रचतं. लेखकाने हे कित्येक वर्षांपूर्वी ओळखलं होतं, आणि आज आपण ते प्रत्यक्ष पाहिलं!" आणि टाळ्या. हो हो, टाळ्या! मुलं वह्यांमध्ये लिहून घेत होती.

माझं डोकं फिरलं. मी उठून ओरडले, "अहो शहाणे, तो खरं बोलतोय! किल्ली माझ्या डोळ्यांनी बघितली मी! तुमच्या त्या पुस्तकाला काडी लावा!" मागून एक पोरगं किंचाळलं, "अरे, हीच ती बहीण!" आणि हॉल हसून हसून लोटपोट. कुणी शिट्टी मारली. माझा फोटो काढला. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय! दादाच्या मदतीला गेले आणि त्याचंच नाक कापून आले. चिमीने तोंड हातांनी झाकून घेतलं होतं.

नंतर आम्हाला मागच्या खोलीत बसवलं. जुने बाक रचून ठेवलेले, चहाचे कप, कुठल्याशा नाटकाचे मुकुट. चिमी आत आली आणि दार लावून घेतलं. बापासमोर खुर्ची ओढून बसली. किती वर्षांनी बसली असेल.

"बाबा," ती म्हणाली, "मी तुमच्यावर रागावून रागावून थकले. मला आता माफ करायचंय. खरंच करायचंय. पण तुम्ही कारणं देऊ नका. गोष्टी रचू नका. एकदा, फक्त एकदा म्हणा, गेलो होतो, चुकलो. मी आत्ताच्या आत्ता तुम्हाला घरी घेऊन जाते. खोली तयार आहे." तिचा आवाज चिरकला. "किती दिवस झाले ती खोली तयार ठेवलीय मी."

मी तोंड उघडलं. दादाने माझ्याकडे बघितलं. हात जोडलेले नव्हते एवढंच. मी आयुष्यात कुणाच्या बापाचं ऐकून गप्प बसले नाही, तेव्हा बसले.

दादा म्हणाला, "गेलो होतो बाळा. तुझ्या आईला टाकून गेलो होतो. चुकलो."

पोर त्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. खोटं नाही बोलत, ते रडणं अगदी खरं होतं. तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. तेवढ्यात प्राध्यापक दार किलकिलं करून डोकावले आणि डोळे पुसत परत गेले. मला त्यांना तो नाटकाचा मुकुट फेकून मारायचा होता.

दादा आता तिच्याकडे आहे. मी परवा गेले होते. खोली हवेशीर, पलंग, अंगाला मऊ चादर. चिमी त्याची नखं कापते, औषधं वेळेवर देते, संध्याकाळी कामावरून आली की आधी त्याच्याशेजारी बसते. लेकीने बापाचं करावं तसं सगळं करते, त्यात काडीचाही दोष काढायला जागा नाही. माझ्यासाठी चहा टाकायला ती आत गेली तेव्हा मी खुर्ची जवळ ओढली.

"दादा, कसं म्हणवलं रे तुला? वहिनीला काय तोंड दाखवशील?"

"ती म्हणाली असती, पोरीजवळ जा."

"हो ना? मग झालं तर. मिळालं ना तुला हवं ते?"

"मिळालं."

"मग रडतोस कशाला?"

त्याने तोंड भिंतीकडे केलं, खांदे हलत होते. चिमी ट्रे घेऊन दारात आली, थबकली, आणि मायेने हलक्या आवाजात मला म्हणाली, "रडू दे गं आत्या त्यांना. पश्चात्ताप आहे तो."